ट्रायपॉड लावूनही फोटो हलतो, तेव्हा आधी काय तपासायचं

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी भाचा नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातून थेट माझ्या नाशिकच्या अंबडमधल्या वर्कशॉपवर आला. बुटांना गाळ तसाच लागलेला, चेहरा उतरलेला. “मामा, साडेतीनशे फोटो काढले, एकही शार्प नाही. ट्रायपॉडवर लावून काढलेत, तरी हललेत. आता कोणता ट्रायपॉड घेऊ?”

हा प्रश्न मला दर थंडीत कोणी ना कोणी विचारतं. गोदावरी-कादवाच्या संगमावर पाहुणे पक्षी उतरले की त्यांच्या मागोमाग भोवत्या, घारी, ससाणे असे शिकारी पक्षी येतात आणि त्यांच्या मागे आपण लांब लेन्सा घेऊन जातो. पहिल्या खेपेला हातात धरून फोटो हलतो म्हणून मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा आधार, घेतला जातो. त्यावरही हलतो म्हणून ट्रायपॉड. मग त्याहून जाडजूड ट्रायपॉड. दर वेळी खिसा हलका होतो आणि थरथर जिथली तिथे राहते.

मी आयुष्यभर लेथवर काम केलं. जॉबवर, म्हणजे कातायच्या तुकड्यावर, चॅटर मार्क (थरथरीच्या खुणा) आले तर कोणी नवीन मशीन मागवत नाही. टूल किती बाहेर काढलंय ते बघतो, टूलपोस्टचे बोल्ट बघतो, चकमध्ये जॉब नीट धरलाय का ते बघतो, मग बेअरिंगकडे वळतो. कॅमेऱ्याच्या आधाराचंही अगदी असंच आहे. थरथर कुठून येते ते सापडल्याशिवाय आधार बदलण्यात अर्थ नाही, आणि कारण सापडलं की बहुतेक वेळा नवीन काही घ्यावंच लागत नाही. घ्यायचंच असेल तर कोणत्या जमिनीवर उभं राहणार ते आधी ठरवावं लागतं. नांदूर मध्यमेश्वरचा गाळ, अंजनेरीचा कडा आणि येवल्याकडचा ममदापूरचा माळ, या तिन्हीला पुरेल असा एकच आधार मला अजून मिळालेला नाही.

आधी एक हिशेब सांगतो, म्हणजे आपण किती बारीक हालचालीबद्दल बोलतोय ते कळेल. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा असतो. ६०० मिलिमीटरवर चित्र एक पिक्सेल सरकायला लेन्सने १ लाखांश रेडियन वळणं पुरेसं आहे. लेन्स ३० सेंटिमीटर लांब धरली, तर तिचं टोक ३ मायक्रॉन हललं की एक पिक्सेल गेला. माणसाचा केस साधारण ६०-७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या विसाव्या भागाइतकी हालचाल चित्रात उतरते. आमच्या धंद्यात एक ‘सौ’ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, १० मायक्रॉन, आणि सौमध्ये काम करणारा कारागीर हात किती जपून लावतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

फोटो आधी वाचा

भाच्याचं कार्ड लॅपटॉपला लावलं आणि एकेक फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला. अर्ध्या तासात तीन ढीग झाले. “हललेत” हा एकच शब्द तो तीन वेगळ्या आजारांना वापरत होता.

पहिला ढीग पिंगळ्याचा. सकाळी सात-सव्वासातला, बाभळीच्या ढोलीत बसलेला पिंगळा, शटर १/१२५ सेकंद. त्याचे डोळे पुसट होतेच, पण शेजारच्या सालीवरची प्रत्येक रेघ वरून खाली दुहेरी दिसत होती. पक्षी आणि झाड दोन्ही एकाच दिशेला पुसले गेले असतील तर कॅमेरा हललाय. आधाराचा दोष तो हाच.

दुसरा ढीग भोवत्याचा. दलदली भोवत्या पाणकणसाच्या शेंड्यांवरून पंख किंचित वर धरून तरंगत येतो, खाली वारकरी पक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या दाटीवाटीने पळतात, ते दृश्य बघून कोणाचाही श्वास अडकतो. या फोटोंत मागचं पाणकणीस लख्ख होतं, एकेक पातं मोजावं असं. पुसला होता तो फक्त पक्षी. शटर १/५००. इथे ट्रायपॉडने आपलं काम चोख केलं होतं आणि नेमकं तेच नको होतं. हिशेब करा: पक्षी ४० मीटरवरून आडवा, सेकंदाला १० मीटर वेगाने जातोय असं धरलं, तर ६०० मिलिमीटरवर त्याची प्रतिमा सेन्सरवर सेकंदाला १५० मिलिमीटर धावते. १/५०० सेकंदात ती ०.३ मिलिमीटर सरकते, म्हणजे ५० पिक्सेल. कॅमेरा घट्ट आवळून ठेवला असेल तर जगातला सर्वात भारी ट्रायपॉडसुद्धा हे ५० पिक्सेल वाचवू शकत नाही. १/२००० ला गेलात तर ते १२-१३ वर येतात, आणि पक्ष्याबरोबर लेन्स फिरवलीत तर आणखी कमी. उडत्या शिकारी पक्ष्याला मोकळी फिरणारी लेन्स आणि वेगवान शटर लागतं. तिथे आधाराचं काम दंडाचा भार उचलण्यापुरतं.

तिसरा ढीग अकरानंतरचा. दूर पाण्यातल्या खांबावर ऑस्प्रे बसलेला, पायाखाली मासा. पक्षी स्थिर, कॅमेरा स्थिर, शटर १/१०००, तरी कडा विरघळल्यासारख्या. एका दमात काढलेल्या वीस फोटोंत प्रत्येकात त्याच्या चोचीचा आकार निराळा. ही उन्हाची झळ. जमिनीलगतची तापलेली आणि वरची गार हवा एकमेकीत मिसळते, प्रकाश वाकडातिकडा होत लेन्सपर्यंत येतो. डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं त्याचाच हा भाऊबंद. लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, दहापट मोठं करून पाहिलं की चित्र उकळताना दिसतं. यावर आधार नाही, औषध नाही. अंतर कमी करा, लवकर जा, किंवा थोडं उंचावरून बघा म्हणजे नजरेची रेघ जमिनीला घासत जाणार नाही.

याच जातीचा एक त्रास गाडीत होतो आणि तो पटकन लक्षात येत नाही. पहाटेच्या थंडीत गाडी आतून ऊबदार असते. काच खाली केली की ती ऊब नेमकी लेन्ससमोरून बाहेर पडते आणि वीस मीटरवरचा कापशी पक्षीसुद्धा पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. पोचायच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच हीटर बंद करून सगळ्या काचा उघडा. गारठा सोसा.

चौथा प्रकार भाच्याच्या कार्डात थोडाच होता: समोरचं पातं शार्प आणि मागचा पक्षी पुसट. तो फोकसचा दोष. फ्रेममध्ये कुठे तरी काही तरी लख्ख असेल तर आधाराला बोल लावू नका.

साडेतीनशेपैकी खऱ्या अर्थाने आधारामुळे बिघडलेले फोटो साठेकच निघाले.

भिंतीवरची तपासणी

मग आम्ही त्याचा सगळा जामानिमा वर्कशॉपमध्येच उभा केला. बारा मीटरवर भिंतीला वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवलं. लेन्स ६०० वर, लाइव्ह व्ह्यू दहापट. मग हूडवर, म्हणजे लेन्सच्या तोंडावरच्या गोल झडपेवर, बोटाने हलकी टिचकी मारायची आणि अक्षरं शांत व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. ही तपासणी फुकट आहे, घरी करता येते आणि कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरं सांगते.

पहिल्या टिचकीला अक्षरं चार सेकंदांहून जास्त नाचत राहिली. आणि टिचकी न मारताही ती मुळात स्थिर नव्हतीच, बारीक बारीक थरथरत होती. मला आधी ट्रायपॉडचा एखादा पाय ढिला वाटला. मग कोपऱ्यातला कंप्रेसर बंद केला आणि अक्षरं जागेवर बसली. जमीनच हलत होती. हे लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण पक्षी बघायच्या मनोऱ्यावर नेमकं हेच होतं: दुसरा कोणी जिना चढत असला, कठड्याला टेकत असला, की तुमच्या ट्रायपॉडला ते आधी कळतं. गाडीतही तसंच. इंजिन चालू ठेवून खिडकीवर लेन्स टेकवायला दाण्यांची पिशवी ठेवाल तर ती इंजिनाची थरथर इमानेइतबारे लेन्सपर्यंत पोचवेल.

कंप्रेसर बंद झाल्यावर एकेक सांधा घेतला. मधला कॉलम वीसेक सेंटिमीटर वर काढलेला होता, कारण “वाकावं लागत नाही, मामा.” तो खाली बसवला आणि परत टिचकी मारली. चाराचे दीड सेकंद झाले. लेथवर टूल जितकं बाहेर तितकं ते वाकतं, आणि बाहेरची लांबी दुप्पट केली तर वाकणं आठपट होतं. कॉलम म्हणजे तिन्ही पायांच्या मधून वर आलेलं एकच एक टूल. तीन पायांचा ट्रायपॉड विकत घ्यायचा आणि कॅमेरा एका काठीवर चढवायचा, हे कशाला? मी माझ्या ट्रायपॉडचा कॉलम काढूनच टाकलाय.

दुसरा दोष लेन्सच्या बुडाशी सापडला. लेन्सचं टोक दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हळूच ढकललं, तर हेड (ट्रायपॉडच्या माथ्यावरचा, लेन्स धरणारा सांधा) हलायच्या आधी लेन्स सुतभर वळत होती. लेन्सभोवतीच्या कड्याला, म्हणजे कॉलरला, जो पाय जोडलेला असतो त्याचे चार बारीक स्क्रू असतात. त्यातले दोन ढिले होते. एल-की लावून आवळले, निळ्या लॉकटाइटचा एकेक थेंब दिला. लाल लावू नका, पुढे उघडायची वेळ आली तर रडाल. त्या पायाखालची प्लेट एकाच स्क्रूवर होती, तीही जराशी फिरत होती. लांब लेन्सला दोन स्क्रूंची लांब प्लेट घ्यावी, म्हणजे ती फिरत नाही आणि झूम पुढे-मागे केल्यावर तोल साधायला सरकवताही येते.

तिसरं, हेड. त्याच्याकडे बॉल हेड, म्हणजे एका गोळ्यावर सगळीकडे फिरणारं हेड, होतं. बॉल हेड निसर्गदृश्यांना छान. पण दोन किलोची लेन्स त्यावर ठेवून नॉब ढिला केला की लेन्स मान टाकते. म्हणून माणूस नॉब आवळून ठेवतो आणि आवळलेल्या लेन्सने उडता भोवत्या काढायला जातो. त्याच्या दुसऱ्या ढिगाचं मूळ इथे होतं. लांब लेन्सला गिंबल हेडच लागतं, यात मला शंका नाही. लेन्स झोपाळ्यासारखी तोलावर टांगली जाते, सगळे नॉब ढिले असले तरी सोडली तिथे थांबते आणि एका बोटाने फिरते. नवीन खरेदी एकच करायची असेल तर पायांवर पैसे घालण्याआधी इथे घाला.

राहिला लेन्समधला स्थिरक, म्हणजे हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा. जुन्या लेन्सांमध्ये तो ट्रायपॉडवर चालू राहिला तर नसलेली थरथर शोधत स्वतःच चित्र हलवतो. नव्यांना ट्रायपॉड ओळखता येतो. तुमची कोणती ते वर्तमानपत्रासमोर चालू-बंद करून पाच मिनिटांत कळेल. आरशाचा कॅमेरा असेल तर शटर १/६० च्या खाली आल्यावर आरशाचा धक्का दिसतो. तिथे मिरर लॉकअप (आरसा आधीच वर उचलून ठेवणं) आणि त्याच्या जोडीला दोन सेकंदांचा टायमर लावा. मिररलेसवाल्यांना ही काळजी नाही.

एवढं झाल्यावर भाच्याने परत टिचकी मारली. एक सेकंदही लागला नाही. ट्रायपॉड तोच होता.

घ्यायचाच असेल तर

ट्रायपॉडवर लिहिलेला “इतके किलो पेलतो” हा आकडा बघून घेऊ नका. तो ज्याचा त्याचा असतो, सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजलेला नसतो. शिवाय पेलणं वेगळं आणि स्थिर ठेवणं वेगळं. स्टूलसुद्धा शंभर किलो पेलतं. कॅलिपर घेऊन जा आणि पायाची वरची जाड नळी व खालची बारीक नळी मोजा. दोन किलोच्या झूमला वरची नळी २८ मिलिमीटरची पुरते. मोठी, एकाच फोकल लेंग्थची लेन्स असेल तर ३२ च्या खाली जाऊ नका. पाय तीन तुकड्यांचा असेल तर चारापेक्षा बरा, कारण तुकडे वाढले की सांधे वाढतात आणि शेवटचा तुकडा काडीसारखा होतो. कार्बन फायबर अॅल्युमिनियमपेक्षा हलकं असतं आणि थरथर लवकर जिरवतं. बजेट नसेल तर जाड अॅल्युमिनियम घ्या, बारीक कार्बन नको. उंची कॉलमशिवाय मोजा. डोळ्यापासून गिंबल आणि कॅमेऱ्याचे वीस-पंचवीस सेंटिमीटर वजा केले की पायांनी किती उंच जायला हवं ते निघतं.

नांदूर मध्यमेश्वर

हे धरण ब्रिटिश काळातलं. शंभर वर्षांहून जास्त काळ गाळ साचत आलाय, म्हणूनच पाणी उथळ आहे आणि म्हणूनच पक्षी आहेत. २०१९ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची नोंद झाली, ती या उथळपणाच्याच पुण्याईवर. पण हाच गाळ ट्रायपॉडचा वैरी. पाय रोवले, फ्रेम लावली, पक्षी येईपर्यंत दहा मिनिटं गेली, की एक पाय दोन बोटं खचलेला असतो आणि खचणं चालूच असतं. फोटोत ते दिसतं, कारण खचताना पाय सरळ खाली जात नाही, अडखळत जातो.

उपाय सोपा आहे. प्रत्येक पायाखाली हातभर नाही पण वीतभर रुंदीची चकती ठेवा. मी अॅल्युमिनियमच्या कातून घेतल्यात, मधे पायाची टाच बसेल असा खळगा ठेवून. जाड प्लायचे गोल तुकडेही चालतात. पाय उघडतानाचा क्रम इथे उलटा करायचा. एरवी बारीक नळी सर्वात शेवटी उघडायची, पण चिखलात ती आधी वीतभर उघडा, म्हणजे खालचं लॉक गाळाच्या वर राहतं. लॉकमध्ये बारीक रेती गेली की ते आवळल्यासारखं वाटतं आणि हळूहळू सरकतं, आणि हा दोष शोधता शोधता माणूस वेडा होतो.

खरं सांगायचं तर नांदूर मध्यमेश्वरला मी ट्रायपॉड फारसा काढतच नाही. बांधाची भिंत, मनोऱ्याचा कठडा, गाडीची खिडकी, जिथे म्हणून टेकायला जागा आहे तिथे दाण्यांची पिशवी ट्रायपॉडला मागे टाकते. तिला सांधे नाहीत, पाय नाहीत, कॉलम नाही. लेन्सचं सगळं अंग तिच्यात रुतून बसतं आणि थरथर दाण्यांच्या घर्षणात जिरून जाते.

विकतची घेतली तरी चालेल. माझी आमच्या गल्लीतल्या शिंप्याने जुन्या जीन्सच्या पायातून शिवून दिली आहे, एका बाजूला चेन, आत पातळ कापडाची दुसरी पिशवी. दोन कप्पे मधे शिवणीने जोडलेले, खोगिरासारखे, म्हणजे गाडीच्या दारावर एक कप्पा आत, एक बाहेर लोंबतो. आत काय भरायचं यावर मी बरेच प्रयोग केले. थर्माकोलचे मणी हलके आणि उसळतात. वाळू छान बसते, पण एक कण शिवणीतून सुटला की लेन्सच्या रिंगमध्ये जाऊन करकरतो. वाळू नकोच. हरभरे, राजमा घरंगळतात. तांदूळ चांगले. बाजरी त्याहून चांगली: दाणा बारीक, गोल, गुळगुळीत, मुठीने दाबलं की लेन्सचा आकार घेते आणि तशीच राहते. तीन-साडेतीन किलो लागते. पिशवी पाऊणच भरा. गच्च भरली तर ती उशी न राहता धोंडा होतो आणि लेन्स वर गडगडते. पावसाळ्याआधी दाणे काढून टाका. ओल लागली तर वास येतो, किडे होतात, आणि लेन्सच्या शेजारी बुरशी ही कल्पनाच मला सोसत नाही.

लेन्स ठेवताना कॉलर फिरवून पाय वरच्या बाजूला घ्या, म्हणजे गोल अंग पिशवीत बसेल. झूम केल्यावर जी नळी पुढे येते तिच्यावर भार देऊ नका. फोकसची रिंगही मोकळी राहू द्या. डावा तळहात लेन्सच्या वर, तोलाच्या जरा पुढे, पाव किलो वजन ठेवल्यासारखा टेकवा. डोळा आयकपला चिकटवा. गाडीत असाल तर इंजिन बंद, मागच्या सीटवरच्याने हलायचं नाही, चिवड्याची पुडी उघडायची नाही.

अंजनेरी

अंजनेरीला दाण्यांची पिशवी नेऊ नका. वाटेवर माकडं आहेत आणि बाजरीचा वास त्यांना तुमच्या आधी कळतो.

इथला सगळा खेळ वाऱ्याचा. गड सुमारे १,३०० मीटर उंच. ऊन चढून कड्याची हवा तापू लागली की गिधाडं त्या उठत्या हवेवर पंख न हलवता वर येतात. कड्यापासून मागे बसलात तरी लांब चोचीचं गिधाड कधी कधी तुमच्या डोळ्यांच्या पातळीवरून जातं आणि त्याच्या पाठीचा रंग दिसतो. एवढ्या मोठ्या, सावकाश तरंगणाऱ्या पक्ष्याला ट्रायपॉड लागत नाही. १/१६०० च्या पुढे गेलात तर हातात धरूनही मिळतो. मी मोनोपॉड नेतो, साधा एका पायाचा, वर फक्त पुढे-मागे झुकणारं छोटं हेड. चढताना तो हाताला लागतो आणि वर गेल्यावर दोन-तीन तास लेन्स दंडावर येत नाही. उभं राहून वापरताना त्याचं टोक दोन्ही पायांच्या किंचित पुढे टेकवायचं आणि अंगाचा भार थोडा त्याच्यावर टाकायचा, म्हणजे तुमचे दोन आणि त्याचा एक असे तीन पाय होतात. काठीसारखा सरळ उभा धरला तर तो डावी-उजवीकडे डुलतोच.

कोणाला ट्रायपॉडच लावायचा असेल तर बसून, पाय आखूड ठेवून. उतारावर दोन पाय खालच्या अंगाला आणि एक चढाकडे. गुळगुळीत कातळावर रबराचे पाय धरतात, लोखंडी टोकं घसरतात. टोकं गवतासाठी आणि मातीसाठी. वजनाला पिशवी अडकवलीत तर ती जमिनीला टेकू द्या, अधांतरी पिशवी वाऱ्यात लोलक होते. आणि कॅमेऱ्याचा पट्टा काढून टाका. मी अंजनेरीवर तासभर थरथर शोधली होती आणि शेवटी फडफडणारा पट्टा निघाला. वारा जोरात असेल तर हूडही काढा, तो शिडासारखा वारा धरतो.

एक गोष्ट इथे मनापासून सांगायची आहे. थंडीत कड्याच्या कपारीत गिधाडांची घरटी असतात. ट्रायपॉड लावला की माणूस तासन्‌तास एका जागी ठाण मांडतो, आणि तुम्हाला घरटं समोर दिसत असेल तर तुम्हीही तिथे दिसत असता. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने ही गिधाडं देशभर कशी संपत आली ते आपण पाहिलंय. ते औषध २००६ मध्ये जनावरांसाठी बंद झालं, तरी जी उरली आहेत ती थोडीच आहेत. वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला आपल्यामुळे घरट्यावरून उठावं लागू नये. घरट्यासमोर कोणताच आधार लावू नका, लेन्सच काढू नका.

ममदापूर

येवल्याकडचा हा माळ काळविटांचा, आणि त्यांच्यामागे लांडग्याचा. थंडीत गवतावरून भोवत्या घिरट्या घालतो, तारांवर कापशी आणि खरुची हा छोटा ससाणा. इथे गाडीतून उतरलात की सगळं दोनशे मीटर लांब जातं, म्हणून गाडीच आडोसा आणि गाडीच आधार. खोगिराची पिशवी इथे सर्वात जास्त कामाला येते. काच तीन-चतुर्थांश खाली घेऊन तिच्यावर पिशवी ठेवायची सवय अनेकांना असते. वजन काचेवर येतं आणि आतली यंत्रणा बिघडते. काच पूर्ण खाली, पिशवी दाराच्या कडेवर. डोळ्याला ती उंची कमी पडत असेल तर सीट खाली करा किंवा पिशवीखाली घडी घातलेलं घोंगडं घ्या. झळेचा त्रास इथे तिन्ही ठिकाणांत जास्त. नऊनंतर दूरच्या लांडग्यावर शटर खर्च करण्यापेक्षा जवळच्या तारेवरच्या खरुचीकडे वळलेलं बरं.

गेल्या पंधरवड्यात भाचा परत खाणगाव थडीच्या बाजूला गेला होता. ट्रायपॉड गाडीतच ठेवला. एका विहिरीच्या कठड्यावर पिंगळा होता, तो गाडीच्या खिडकीतून, बाजरीच्या पिशवीवरून काढला: ६०० मिलिमीटर, शटर १/१६०. सकाळी पावणेसातचा उजेड. डोळ्याच्या पिवळ्या कड्यात समोरची गाडी दिसते, तिच्या खिडकीची चौकटसुद्धा. परत आल्यावर त्याने चकत्या मागून नेल्या, पुढच्या आठवड्यात गाळावर उतरायचंय म्हणाला. त्याला सांगितलंय तेच इथे लिहितो: घरी आल्यावर पायांची लॉकं पूर्ण उघडा, नळ्या बाहेर काढा, साध्या पाण्याने धुवा, रात्रभर सावलीत वाळू द्या आणि सकाळी वाळलेल्या आट्यांवर अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस फिरवून परत जोडा. ओल्या नळ्या तशाच आत ढकलल्यात तर गाळ आतच वाळतो.